चकाचक नको, चालती हवी

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबसारख्या गावात जुनी मोटार मरते ती अपघातानं नव्हे, उभी राहून. घरातला जाणता माणूस जातो, मुलं यवतमाळला किंवा नागपूरला लागतात आणि फियाट नाहीतर अँबेसिडर वाड्याच्या मागं टिनाच्या शेडात सरकवली जाते. पहिल्या वर्षी बॅटरी बसते, दुसऱ्या वर्षी चाकातली हवा जाते, मग रिम काळ्या मातीत रुततात आणि उंदीर वायरिंग कुरतडायला लागतात. पुढं कधीतरी जागा मोकळी करायची वेळ येते आणि घरच्यांसमोर दोनच वाटा मांडल्या जातात. एक, कबाड्याला वजनावर देऊन टाका. दोन, मोठ्या शहरातल्या गॅरेजात पाठवून नव्यासारखी करून घ्या. दुसरीचा खर्च ऐकला की पहिली वाट आपोआप ठरते. तिसरी वाटही आहे, आणि मला ती दोन्हींपेक्षा अधिक शहाणपणाची वाटते. गाडी घरीच, गावातल्याच हातांकडून, दोन-तीन वर्षांत जमेल तशी चालती करायची आणि चकाकीचा नाद सोडून द्यायचा. जुनी गाडी जपणं हा श्रीमंतांचा छंद ठरला याला गाड्यांची दुर्मीळता फारशी कारण नाही. ‘जपणं’ म्हणजे ‘नवं दिसणं’ असा अर्थ आपण लावला म्हणून तो तसा ठरला.

आधी या गाड्या कोणत्या ते पाहू. राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइसचा इथं प्रश्न नाही. आपल्याकडच्या शेडात उभ्या असतात त्या मुख्यतः महाराष्ट्रातच बनलेल्या गाड्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना कुर्ल्याला होता. तिथून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि तीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावानं शतक संपेपर्यंत धावली. १,०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगलगत गिअरचा दांडा, मागं पाट्यांची स्प्रिंग. जोडीला कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबेसिडर, जी मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतली होती आणि थेट मे २०१४ पर्यंत बनत राहिली. आणि महिंद्रची जीप. परवाना राजच्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, त्यामुळं मिळालेली गाडी वीस-पंचवीस वर्षं टिकवणं भागच होतं. म्हणून या गाड्या खोलता येतील, घासता येतील, पुन्हा बसवता येतील अशाच राहिल्या. तांब्या-पितळेचा रेडिएटर गळला तर झाळता येतो. आजचा प्लॅस्टिक-अॅल्युमिनियमचा बदलावाच लागतो. सिलिंडर झिजला तर बोर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसतो. दोष शोधायला संगणक लागत नाही, एक टेस्ट लॅम्प आणि अनुभवी कान पुरतात. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदवलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळं ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, आणि उतरवली ती नियमानं. आयुष्यभर वाहतुकीच्या कोंडीत राबलेली ही गाडी तोवर चालत होती, हे आपल्या शेडातल्या गाडीविषयी बरंच काही सांगतं.

यवतमाळ जिल्ह्याला याहून मोठा दाखला घरातच आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरच्या शकुंतला या रेल्वेगाडीला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं, १९२३ मध्ये रुळावर आलं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं. सत्तर वर्षं! एवढा काळ ते चाललं कारण रोज त्याला कोणीतरी तेल घालत होतं, बोल्ट आवळत होतं, झिजलेला भाग पुन्हा घडवत होतं. यंत्राचं वय वर्षांत मोजण्याची आपल्याला सवय लागली आहे, पण यंत्राला मारते ती मुख्यतः हेळसांड. चालतं यंत्र दर आठवड्याला आपली तक्रार सांगतं. उभं यंत्र काहीच सांगत नाही आणि आतून सडतं.

आता पैशाकडं वळू, कारण खरा अडसर तोच आहे. जुन्या गाडीवरचा खर्च दोन अगदी वेगळ्या जातींचा असतो आणि गॅरेजच्या अंदाजपत्रकात ते दोन्ही एकत्र येतात. पहिला चालण्याचा: ब्रेकची रबरं, होज पाइप, पॉइंट-कंडेन्सर, प्लग, क्लच प्लेट, बेअरिंग, टायर, बॅटरी, लागलंच तर रिंग-पिस्टन. दुसरा दिसण्याचा: डेंटिंग, लांबी, रंग, क्रोमचं पाणी, नवी गादी, मूळ पद्धतीचे बिल्ले आणि दिवे. पहिल्या खर्चाला तळ असतो. काम झालं की झालं. दुसऱ्याला तळ नसतो, कारण एक भाग चमकला की शेजारचा मळकट दिसू लागतो. आणि रंगाचं काम तर असं की त्यातली बहुतेक मजुरी रंगाखाली जाते: जुना थर काढणं, पत्रा ठोकून सरळ करणं, पुन्हा पुन्हा घासणं. म्हणून ज्याचं बजेट बेताचं आहे त्यानं दिसण्याचा खर्च गाडी वर्षभर चालेपर्यंत बाजूला ठेवावा. यात आपल्या हवामानाचाही फायदा आहे. मुंबई-कोकणात खारी दमट हवा पत्रा खाते. दरवाज्यांचे तळ आणि मडगार्ड चाळणीसारखे होतात. विदर्भात पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हवा कोरडी, त्यामुळं छपराखाली राहिलेल्या गाडीचा पत्रा बरेचदा शाबूत निघतो. आपला शत्रू वेगळा: पंचेचाळीस अंशांचा वैशाख रबर तडकवतो, गादी आणि डॅशबोर्ड फोडतो, आणि ओल धरणारी काळी माती गाडीचा तळ सडवते. शेडात फरशी किंवा निदान मुरूम घालून गाडी जॅकस्टँडवर उचलणं हे पहिलं आणि सगळ्यांत स्वस्त जतन. वरचा रंग उडालेला असला तरी चालेल, पण खालची चेसिस आणि फ्लोअर गंजलेलं असेल तर तिथंच थांबून फेरविचार करावा. कुजलेल्या चेसिसवर घातलेला रुपया परत दिसत नाही.

कामाचा क्रमही बहुतेक जण उलटा धरतात. हौसेनं आधी इंजिन सुरू करून पाहतात. दहा वर्षं उभ्या इंजिनाला एकदम स्टार्टर मारणं म्हणजे चिकटलेल्या रिंगांनी सिलिंडर ओरबाडणं. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं तेल सोडावं, दोन दिवस थांबावं आणि मग इंजिन हातानं फिरवावं. पण त्याच्याही आधी कागद. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर वारसाहक्कानं नाव बदलावं लागतं, त्यासाठी वेगळा अर्ज आहे. चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक पुस्तकाशी जुळतात का हे कापडाला रॉकेल लावून, घासून, डोळ्यांनी पाहावं. मधल्या काळात इंजिन बदललं असेल आणि नोंद केली नसेल तर सगळी मेहनत परिवहन कार्यालयाच्या दारात अडते. कागदानंतर ब्रेक. बऱ्याच जुन्या गाड्यांत ब्रेकची एकच लाइन असायची, म्हणजे एका चाकाचं रबर फाटलं की चारही ब्रेक गेले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर आतून गंजून अडकतात. इथं काटकसर नको: मास्टर सिलिंडरपासून चौथ्या चाकापर्यंत सगळी रबरं आणि लवचीक पाइप नवेच. टायरवर नक्षी दिसते म्हणून जुने टायर ठेवू नयेत, वयानं दगड झालेलं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. मग पेट्रोलची वाट, आणि हा प्रश्न आजच्या काळाचा आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. उसातून आणि मक्यातून येणाऱ्या इथेनॉलला माझा विरोध नाही, पण साठ-सत्तरच्या दशकातल्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं त्यासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, मऊ होतात, गळतात. आणि तापलेल्या इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आग. इथेनॉल पाणी धरतं, पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात, टाकी उतरवून धुवावी, जेट किंचित वाढवावा आणि गाडी आठ-पंधरा दिवसांनी फिरवत राहावी. हे सगळं मिळून एका दरवाज्याच्या रंगकामापेक्षा फार महाग पडत नाही, पण गाडीचं आणि घराचंही रक्षण यावरच ठरतं.

घरी करायचं म्हणजे सगळं घरी असं नव्हे. खोलणं, धुणं, प्रत्येक नटबोल्ट चिठ्ठी लावून डब्यात ठेवणं, फोटो काढणं, वायरिंग ओढणं, टॅपेट लावणं, कार्ब्युरेटर उघडून साफ करणं, सीटखालची काथ्याची गादी भरणं, एवढं अंगणात होतं. बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, ब्रेक ड्रमची खराद, चेसिसचं वेल्डिंग हे त्या-त्या कारागिराचं. आणि इथं तालुक्याचं गाव मागं पडत नाही, पुढं असतं. कापसाच्या मुलखात वेल्डिंगची आणि लेथची दुकानं ट्रॅक्टर, ट्रॉली, पेरणीयंत्र यांच्या दुरुस्तीवर उभी आहेत. सुटा भाग मिळत नसेल तर घडवायचा, हा त्यांचा रोजचा व्यवहार. महानगरातल्या झकपक सेवाकेंद्रात तो विसरला गेला आहे, तिथं बिघाड म्हणजे बदली. ट्रॅक्टरचा डायनमो उघडणाऱ्या मिस्त्रीला फियाटचा डायनमो परका नाही. सुट्या भागांसाठी नागपूरची जुनी दुकानं, कुर्ल्याचा सीएसटी रोड, मुंबईचा चोरबाजार हे ठाव आहेतच. आणि टॅक्सी म्हणून या गाड्या हजारोंनी धावल्या असल्यानं पद्मिनीचे चालण्याचे भाग अजून निघतात. मिळत नाहीत ते दिसण्याचे: पट्ट्या, बिल्ले, काचेच्या कडा. पुन्हा तेच, चालणं स्वस्त आणि दिसणं महाग.

यावर पहिला आक्षेप प्रदूषणाचा, आणि तो खोटा नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. भारतात तो १९९५ पासून, आधी चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना आला. बीएस-६ च्या नव्या गाडीशी किलोमीटरला किलोमीटर तुलना केली तर जुनी गाडी कितीतरी पटींनी घाण धूर सोडते. हे झाकून जुन्या गाड्यांची बाजू मांडू नये. पण धूर गाडीच्या वयातून निघत नाही, चाललेल्या अंतरातून आणि बिघडलेल्या ट्यूनिंगमधून निघतो. महिन्याला दोनेक वेळा कळंबहून यवतमाळला जाऊन येणारी गाडी वर्षात हजारभर किलोमीटर करेल; रोज धावणारी टॅक्सी तेवढं आठवड्याभरात सहज करते. जुन्या पेट्रोल गाड्यांना पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. नीट जमवलेला कार्ब्युरेटर आणि योग्य टायमिंग असलेलं इंजिन ती पाळू शकतं. पाळत नसेल तर ते गाडी बिघडल्याचं लक्षण समजावं आणि गाडी रस्त्यावर आणू नये. शिवाय नवी गाडी घडवतानाच पोलाद, काच, प्लॅस्टिक यांपायी काही टन कार्बन हवेत जातो. रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्यानं नवी, कमी प्रदूषण करणारी गाडीच घ्यावी. अधूनमधून चालवल्या जाणाऱ्या जुन्या गाडीला तोच न्याय लावण्यात हिशेब चुकतो.

सुरक्षेबद्दल थोडक्यात सांगतो. या गाड्यांत एअरबॅग नाहीत, बहुतेकींत पट्टेही नाहीत. पुढच्या सीटला पट्टे बसवता येतात आणि बसवावेत. मुलाबाळांना घेऊन चौपदरी महामार्गावर जड वाहनांच्या रांगेत जाण्यासाठी ही गाडी नाही, हे मालकानं स्वतःशी कबूल करावं.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ज्या जिल्ह्याचं नाव देशभर शेतकरी आत्महत्यांमुळं पोचलं, तिथं जुन्या मोटारीच्या गोष्टी सुचतात कशा? कर्ज काढून, शेत गहाण टाकून कोणी ही हौस करत असेल तर ती करूच नये, यात दुमत नाही. मी बोलतो आहे ते ज्यांच्या दारात गाडी आधीच उभी आहे आणि जे महिन्याला थोडं बाजूला काढू शकतात त्यांच्याविषयी. त्यांचा पैसा जातो कुठं ते पाहा. नवी गाडी हप्त्यानं घेतली तर पैसा कारखान्याला, बँकेला आणि विक्रेत्याला जातो. गावात उरतं ते पेट्रोलपंपाचं कमिशन. जुनी गाडी चालती करताना तोच पैसा वेल्डरला, खरादवाल्याला, रेडिएटर झाळणाऱ्याला, गादी भरणाऱ्याला जातो. सगळा गावात राहत नाही, सुटे भाग बाहेरूनच येतात. पण मजुरी राहते, आणि अशा कामात मजुरीचा वाटा मोठा असतो. त्याहून मोलाचं म्हणजे हात तयार होतात. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या पोरांपुढं बंद डब्यासारखं आधुनिक इंजिन ठेवलं तर त्यांना काय दिसणार? पॉइंट उघडताना ठिणगी पडते, जेटमधून पेट्रोल खेचलं जातं, गव्हर्नरची वजनं पसरली की टायमिंग पुढं सरकतं, हे डोळ्यांनी दिसतं ते जुन्या इंजिनात. ज्यानं हे एकदा पाहिलं त्याला सेन्सरची भाषाही लवकर कळते. तालुक्यातल्या एखाद्या मालकानं आपली गाडी वर्षभर अशा मुलांच्या हाती द्यावी, शिक्षकानं देखरेख करावी, सुट्या भागांचा खर्च मालकानं सोसावा. अशी साधी व्यवस्था कोणत्याही योजनेविना उभी राहू शकते.

तिसरा आक्षेप जाणकारांचा: अशी अर्धी-मुर्धी दुरुस्ती केलेली, एका दरवाज्याचा रंग वेगळा असलेली गाडी हा वारसा कसला? माझ्या मते उलट, कारखान्यातून आली त्याहूनही चकचकीत केलेल्या गाडीवर तिच्या आयुष्याची एकही खूण उरत नाही. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना फिवा ज्याला ऐतिहासिक वाहन म्हणते त्याला किमान तीस वर्षांचं वय आणि इतिहासाला धरून असलेली अवस्था लागते. नवेपणा लागत नाही. ट्यूरिन सनद या नावानं ओळखल्या जाणाऱ्या तिच्या तत्त्वांतही जतन हा पहिला आणि पुनर्निर्माण हा शेवटचा पर्याय आहे. बसलेल्या हातांनी गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग हा दोष नव्हे. बदल करताना मात्र एक पथ्य पाळावं: जो भाग काढला तो फेकू नये आणि जे केलं ते उलटवता येईल असं करावं. आल्टरनेटर लावला तर डायनमो फडताळात जपून ठेवावा.

आपला कायदा इथं अडखळतो. केंद्रानं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले, हे स्वागतार्हच. पण त्यात वयाची अट पन्नास वर्षांची, आणि गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात चेसिस, बॉडी किंवा इंजिनाचे मोठे बदल झालेले नसावेत अशी. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार. नोंदणी झाल्यावर ती गाडी नियमित वापरायची नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणजे दुकानात ठेवलेल्या दागिन्यासारखी. दुसऱ्या टोकाला साधी नोंदणी: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यावर राज्याचा पर्यावरण कर, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क १० हजार रुपये. याउलट गाडी मोडीत काढून प्रमाणपत्र आणलं तर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. मोडणाऱ्याला बक्षीस आणि जपणाऱ्याला दंड, असा हा व्यवहार झाला. १९८५ सालची पद्मिनी आज पुरेशी जुनी आहे, तिचा कारखाना बंद पडून पाव शतक झालं, पण कायद्याच्या लेखी ती २०३५ पर्यंत नुसतं जुनं वाहन. तोवर ती टिकेल का? जर्मनीत तीस वर्षांच्या, नीट जपलेल्या गाडीला वेगळी पाटी आणि करात सवलत मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला वाहनकर माफ आहे. आपण पन्नासाचा हट्ट धरण्याचं कारण दिसत नाही.

यंत्रणेला न झेपणारं काही मी मागत नाही. तीस वर्षांपुढच्या खासगी गाडीचा वेगळा वर्ग करावा. वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा घालून तिचं नूतनीकरण शुल्क साध्या दरात आणावं; किलोमीटर मोजायला काटा गाडीतच आहे. व्हिंटेज नियमांतल्या ‘मोठे बदल’ या शब्दांची व्याख्या स्पष्ट करावी, म्हणजे झिजलेला सिलिंडर बोर करून मोठा पिस्टन घालणारा माणूस मूळ इंजिन काढून परकं डिझेल इंजिन कोंबणाऱ्याच्या रांगेत उभा राहणार नाही. आणि परिवहन खात्याच्या तालुका शिबिरांत या गाड्यांची तपासणी कसून व्हावी, त्यात सवलत नको. निरीक्षकानं रंगाकडं पाहू नये. चाक हलवून बेअरिंगचा खेळ पाहावा, ब्रेकचं पायडल दाबून मिनिटभर धरायला लावावं आणि ते खाली सरकतं का ते पाहावं, गाडीखाली वाकून चेसिसवर हातोडीनं टकटक करावी, पेट्रोलच्या नळीवरून बोट फिरवावं, पीयूसीची नळी समोर लावून आकडा बघावा. एवढ्यातून पार पडलेली गाडी, तिचा डावा दरवाजा कुठल्याही रंगाचा असो, चतुर्थीला कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या देवळापर्यंत खुशाल जाऊन यावी.